पिंडोस क्लबचे हयात सभासद

फादर सेराफिम नावं वाचत होते आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसलेला प्रल्हाद साळोखे खुशीत मान डोलावत होता. एकेक नाव कसं खणखणीत, आडनावासकट, सेवाज्येष्ठतेप्रमाणे! यादी त्याचीच होती. एक्सेलमध्ये, अनुक्रमांक टाकून, दोनदा तपासून केलेली. पुढे टेबलावर पिठीसाखरेचा पांढराशुभ्र थर दिलेल्या गव्हाच्या प्रसादाची परात होती, मेणबत्त्या होत्या, धूप होता. झकास कार्यक्रम चाललाय, असं तो मनाशी म्हणतोय तोच पहिल्या रांगेत काठी आपटली.

बार्बा लेफ्टेरिस उठून उभे राहिले होते. बार्बा म्हणजे ग्रीकांचं ‘काका’. वय एक्क्याण्णव, पिंडोस सॉकर क्लबच्या अकरा संस्थापकांपैकी उरलेले हे एकटे.

"मी इथं आहे!" ते ओरडले. आधी ग्रीकमध्ये, मग कुणाला शंका राहू नये म्हणून इंग्रजीत. "जिवंत आहे! सकाळी दोन अंडी खाऊन आलोय!"

शेजारी बसलेल्या एव्हान्थियाबाईंना दुहेरी धक्का बसला. शेजारचा जिवंत माणूस मेल्यात काढला हा एक, आणि तो प्रार्थनेआधी अंडी खाऊन चर्चमध्ये आला हा दुसरा. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि तीनदा थुंकल्यासारखं केलं, फ्तू फ्तू फ्तू. आपण मीठमोहऱ्या ओवाळतो ना, तसंच ते. फादर सेराफिमना या चर्चमध्ये येऊन जेमतेम तीन महिने झालेले. कोण हयात आणि कोण गेलेलं, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? गडबडून त्यांनी पान उलटलं आणि वरचंच नाव वाचलं, "मिल्टोस करास." क्लबचा अध्यक्ष मिल्टोस करास त्यांच्याच शेजारी मेणबत्ती धरून उभा होता.

"ही यादी कुणी दिली?" मिल्टोसने विचारलं.

फादरनी मागच्या बाकाकडे बोट केलं. सगळं चर्च वळून बघायला लागलं. प्रल्हाद अजून हसतच होता, कारण झालंय काय ते त्याला कळलं नव्हतं.

ते त्याला अंगणात, पायऱ्यांपाशी, मिल्टोसने सांगितलं. आज होता क्लबच्या दिवंगत सभासदांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस. सोप्या मराठीत सांगायचं तर श्राद्ध. आणि प्रल्हादने एकशे अठ्ठ्याऐंशी मेलेल्यांच्या जोडीला सव्वीस जिवंत माणसांची नावं त्यात घातली होती.

आता यात प्रल्हादचं नेमकं चुकलं कुठं, हे कळायला कोल्हापूरला जायला पाहिजे. तिथं फुटबॉल हा नुसता खेळ नाही, ती पेठेची अब्रू आहे. प्रल्हाद नागोबा तालमीचा लेफ्ट बॅक. पण त्याचं खरं नाव झालं ते स्पर्धेच्या वेळी माइकवर नावं पुकारण्यात. आधारस्तंभ अमुक, आश्रयदाते तमुक. एका साली मंडपवाल्या शिंद्यांचं नाव राहिलं, तर त्यांनी फायनलच्या दिवशी दुपारी मंडप सोडून नेला आणि पाहुणे उन्हात बसले. तेव्हापासून प्रल्हादने गाठ मारून ठेवली होती, की नाव जास्तीचं झालं तर चालेल, राहता कामा नये. फादरचा फोन आला, "रविवारी क्लबसाठी खास प्रार्थना आहे, तुमच्याकडची नावं पाठवून द्या," तेव्हा त्याने एकही माणूस सोडला नाही. बार्बांच्या नावापुढे तर त्याने ‘क्लबचा आधारस्तंभ’ असंही लिहिलं होतं.

बरं, क्लबमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? नाही कळलं. कारण एकोणीस वर्षं रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असत तेव्हा प्रल्हाद मैदानावर फक्की मारत असे, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेघा आखत असे. प्रार्थना त्याने कधी बघितलीच नव्हती. त्याच्या वाट्याला यायचा तो फक्त नंतरचा प्रसाद.

त्या फक्कीचीही एक गोष्ट आहे. प्रल्हाद एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हा धंदा. असल्या माणसाला ना ऑफिसात कुणी धन्यवाद देत, ना घरात. वेस्ट विंडसरच्या घरून भाजी आणायला म्हणून एका रविवारी निघालेला असताना रस्त्याकडेला त्याला हे मैदान दिसलं. चार म्हातारे भांडत होते, बावीस जण खेळत होते, आणि उजवीकडचा पेनल्टी बॉक्स फूटभर तिरका होता. प्रल्हाद गाडी थांबवून उतरला. कुंपणावरून वाकून काठीवाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "तुमची रेघ वाकडी आहे."

"मग तू मार सरळ," म्हातारा म्हणाला.

ते बार्बा लेफ्टेरिस. पुढच्या रविवारी प्रल्हाद दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी घेऊन हजर. भाजी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून क्लबच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, जाळ्या त्याच्याकडे, मीटिंगची टिपणं त्याच्याकडे. आता क्लबला सत्तर वर्षं होणार होती, तर इतिहासाचं पुस्तकही त्याच्याकडेच आलं. संस्थापकांनी पोराबाळांना सांगून ठेवलेलं, की पहिल्या सामन्यात इटालियन लोकांना आपण सात-एकने धूळ चारली. प्रल्हादने गावच्या वाचनालयातून जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण शोधून काढलं. सात-एकच होतं. सात इटालियनांचे होते.

"खरं तेच लिही," बार्बा म्हणाले होते. "पण तो एक कुणी मारला ते मोठ्या अक्षरात लिही."

पुस्तकाच्या शेवटी सत्तर वर्षांतल्या सगळ्या सभासदांची नावं छापायची होती. एकूण दोनशे चौदा. ती सगळी प्रल्हादने स्वतः टाइप केली. दोनशे पंधरावं नाव त्यात नव्हतं. क्लबच्या १९५५ च्या घटनेत कलम तीन होतं: सभासद म्हणजे ग्रीक, ग्रीकाचा मुलगा किंवा ग्रीकाचा जावई. पहिल्या दोन्हींत प्रल्हाद बसत नव्हता, आणि तिसरी संधी त्याने सुहासिनीशी लग्न करून कायमची घालवली होती.

"मला काय त्याचं?" तो सुहासिनीला म्हणायचा. आठवड्यातून तीनदा म्हणायचा. त्यावरून सुहासिनीने काय ते ओळखलं होतं. माणसाला हवं असतं ते, आणि एकोणीस वर्षं राबून तोंडाने मागता येत नसेल तर जास्तच हवं असतं.

रविवारी दुपारी तो घरी आला तो तोंड पाडून. सुहासिनीने सगळं ऐकून घेतलं. जिवंत माणसांना मारल्याबद्दल तिला फारसं वाटलं नाही. ती दुसऱ्याच ठिकाणी अडकली.

"अहो, थांबा. तो गव्हाचा प्रसाद. साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. तो कसला म्हणालात?"

"मेलेल्यांच्या नावानं करतात. कोलिवा म्हणतात त्याला."

"तो दरवर्षी तुम्ही डबा भरून आणता तो?"

"व्हय."

सुहासिनी खुर्चीवर बसली. "अहो, मी तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाटला! चौदा सवाष्णींना! कैरीच्या डाळीबरोबर! शैलजाकाकूंनी दोनदा घेतला, वर रेसिपी मागितली!"

"दिलीस?"

"तुम्हाला विचारून देते म्हटलं होतं."

"मग आता नको देऊस," प्रल्हाद म्हणाला. पण हसू कुणालाच आलं नाही. फोनवर अनिका होती, टेक्सासात, प्लेनोला नोकरी करणारी त्यांची लेक. तिला मात्र आवरेना. "बाबा, यू किल्ड द होल क्लब? लाइक, एव्हरीबडी?"

"सगळे नाही गं. मी नव्हतो यादीत."

"ऑफकोर्स यू वेअरन्ट," अनिका म्हणाली आणि हसायची थांबली. तिलाही कलम तीन माहीत होतं.

सोमवारपासून फोन सुरू झाले. एकाच्या सासूला चर्चमध्ये भोवळ आली होती. एकाची बायपास सर्जरी दहा दिवसांवर होती आणि तो म्हणत होता, की आता डॉक्टरांपुढे कुठल्या तोंडाने जाऊ. गोलकीपर राहिलेल्या एका आजोबांनी भीतीने गाडी चालवणं बंद केलं. त्यांच्या मुलाने मात्र गुपचूप आभार मानले, कारण गेली चार वर्षं तो हेच सांगून थकला होता. प्रत्येकाची प्रल्हादने हात जोडून माफी मागितली. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, तरी जोडले.

मंगळवारी मिल्टोसचा फोन आला. मिल्टोस बासष्ट वर्षांचा, हायवेवर त्याचं डायनर आहे, आपल्या भाषेत खाणावळ. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या श्राद्धाला मेणबत्ती धरून उभं राहिल्यावर कुणाचंही डोकं फिरेल.

"गुरुवारी सहाला मीटिंग," तो म्हणाला. "लोक चिडलेत, प्रल्हाद. म्हणतात, परक्या माणसाच्या हातात सगळं दिलं की असंच होणार. येताना खोलीची किल्ली घेऊन ये. आणि पुस्तकाचे कागदपण."

"बरं," प्रल्हाद म्हणाला.

फोन ठेवला आणि तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "किल्ली मागितली," एवढंच म्हणाला. छप्पन्नाव्या वर्षी माणूस एका किल्लीसाठी रडवेला होतो हे त्याला स्वतःलाच खरं वाटेना. पण झालाच होता तो रडवेला. सोमवार ते शनिवार तो चुका काढत जगायचा. रविवारी सकाळी दव पडलेल्या गवतावर सरळ पांढरी रेघ उमटायची, तेवढीच काय ती त्याची स्वतःची.

सुहासिनी मूळची इचलकरंजीची. तिने दोन मिनिटं विचार केला आणि रव्याचा डबा काढला.

"अहो, एखाद्याच्या मरणाची खोटी बातमी उठली, की त्याचं आयुष्य वाढतं. वाढतं की नाही?"

"आपल्याकडं वाढतं. ग्रीकांचं काय सांगू?"

"आयुष्य ते आयुष्य. त्यात ग्रीक काय नि इचलकरंजी काय? सव्वीस जणांपुरता शिरा करते. मीपण येणार."

"तू कशाला?"

"मी चौदा सवाष्णींना श्राद्धाचं घातलंय. मलापण कुणाची तरी माफी मागायचीय."

गुरुवारी सहाला चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळे जमले. भिंतीवर सत्तर वर्षांचे संघ फोटोंतून बघत होते. जुन्या फोटोंत सगळे कपाळावर केस असलेले ग्रीक. मग हळूहळू एक इक्वेडोरचा, दोन कोरियन, एक गोलकीपर तेलुगू. आताच्या संघात ग्रीक उरलेत तीन, आणि त्यातल्या एकाला ग्रीक येत नाही. मैदानावर कुणीही चाले. सभासद मात्र कलम तीनप्रमाणे.

प्रल्हादने टेबलावर किल्ली ठेवली, शेजारी कागदांची फाइल ठेवली. सुहासिनीने शिऱ्याचं पातेलं ठेवलं. मग प्रल्हाद उभा राहिला आणि एकदाचं बोलला. शिंद्यांचा मंडप सांगितला, पाहुणे उन्हात कसे बसले ते सांगितलं. "माझ्या गावात नाव राहिलं तर माणूस आयुष्यभर बोलत नाही. मला वाटलं, मान द्यायची नावं आहेत. चूक माझीच. मला माफ करा." आणि मग, सुहासिनीने ढोसल्यावर, खाली बघत म्हणाला, "आमच्याकडे म्हणतात, जिवंत माणूस मेला अशी आवई उठली, तर त्याचं आयुष्य वाढतं."

मग बायपासवाल्याने विचारलं, "किती?"

"काय किती?"

"किती वर्षं वाढतं?"

हा प्रश्न काही कोल्हापुरात आजवर कुणी विचारला नव्हता. प्रल्हादने सुहासिनीकडे पाहिलं. टेस्टर माणूस, आकड्याला पुरावा लागतो. पण सुहासिनी इचलकरंजीची. "दहा," ती ठणकावून म्हणाली. "कमीत कमी."

"देवळात वाचलं तर?" गोलकीपर आजोबांनी विचारलं.

"देवळात वाचलं तर पंधरा."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. चिडलेले चेहरे हिशेबात पडले. बायपासवाल्याने शिऱ्याची वाटी घेतली, चाखली, म्हणाला, "हा तर आमचा हलवा!" आणि दुसरी घेतली. तेवढ्यात कोपऱ्यातून एव्हान्थियाबाई कडाडल्या.

"आणि मी? माझं नाव का नव्हतं?"

"कीरिया, तुम्ही..." कीरिया म्हणजे बाईसाहेब; त्यापुढं प्रल्हादची जीभ अडखळली. "बायका सभासद नाहीत ना. घटनेप्रमाणे."

"पन्नास वर्षं मी या क्लबचे गहू उकडतेय! तुमचे घामट शर्ट धुतलेत! ही सगळी टकली पंधरा पंधरा वर्षं जास्त जगणार, आणि मी तेवढी वेळेवर मरणार? वा रे क्लब!"

प्रल्हादला मनातल्या मनात शिंदे दिसले. बघा, म्हणजे त्याचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं! नाव जास्तीचं झालेले शिरा खात होते आणि नाव राहिलेली बाई मंडप सोडायला निघाली होती. सुहासिनी उठून एव्हान्थियाबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी काहीतरी एकमेकींच्या कानात बोलायला लागल्या. सुहासिनीचं इंग्रजी आणि बाईंचं इंग्रजी, दोन्ही बेताचंच. पण चौदा सवाष्णींची कथा ऐकून एव्हान्थियाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, एवढं मात्र सगळ्यांना दिसलं.

"ते सगळं ठीक आहे," मिल्टोस टेबल ठोकून म्हणाला. "पण ठराव आहे तो मांडला पाहिजे. इथून पुढं किल्ली आणि कागद सभासदाकडेच राहतील. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा."

चारपाच हात वर गेले. मग आणखी दोन. प्रल्हाद आपल्या बुटांकडे बघत होता.

"हात खाली," बार्बा लेफ्टेरिस म्हणाले.

ते इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सगळ्यांना वाटलं होतं, झोपलेत.

"मेलेल्यांना मत नसतं," ते म्हणाले. "रविवारी देवासमोर, मेलेल्यांच्या यादीत, पाद्र्यानं आपली सव्वीसच्या सव्वीस नावं धरली. खरं की नाही?"

"बार्बा, ती चूक होती..."

"चूक परत घेतली का? फादरनं परत प्रार्थना म्हटली का? नाही. मग आपण मेलेलो आहोत. या खोलीत क्लबचा जिवंत माणूस एकच आहे." त्यांनी काठी प्रल्हादकडे रोखली. "तो यादीत नव्हता. का नव्हता? कारण आपण त्याला एकोणीस वर्षांत घेतलाच नाही. तुम्ही त्याला काढायला बसलात, गाढवांनो. आधी घेतलाय कधी, काढायला?"

गोलकीपर आजोबांनी वर केलेला हात हळूच डोकं खाजवायला नेला.

"कलम तीन," मिल्टोस पुटपुटला. पण त्याच्या आवाजात पहिला जोर नव्हता.

"कलम तीन मी लिहिलंय," बार्बा म्हणाले. "डायनरच्या मागच्या दारात, भांडी घासता घासता, नॅपकिनवर. एकवीस वर्षांचा होतो. तेव्हा मला वाटायचं जगात माणसं दोनच तऱ्हेची, आपल्या गावची आणि इटालियन. आण ते रजिस्टर."

मिल्टोसने कपाटातून रजिस्टर काढलं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, प्रल्हादला पाठ असलेलं. प्रत्येक पानावर चार रकाने: नाव, बापाचं नाव, गाव, जहाज. पहिल्या पानावरच्या अकरा जणांचं जहाज एकच होतं, ‘आगिया मरीना’. पुढे इथेच जन्मलेले बापाचं जहाज लिहीत आणि जावई सासऱ्याचं. सत्तर वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता.

मिल्टोसने पेन उघडलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही जरा बरंच वाटत होतं. "नाव?"

"प्रल्हाद."

"बापाचं नाव?"

"दत्ताजी."

"गाव?"

"कोल्हापूर." मिल्टोसने ते तीनदा विचारून ग्रीकमध्ये लिहिलं. मग पेन थांबलं.

"जहाज?"

"मी विमानानं आलो. नव्व्याण्णव साली."

"विमान चालत नाही," मिल्टोस अवघडून म्हणाला. "म्हणजे, आजवर एकही नाही. ज्यांचे बाप विमानानं आले त्यांनीपण आजोबांचं जहाज टाकलंय."

"मग राहू दे तो रकाना रिकामा," प्रल्हाद घाईघाईने म्हणाला. इथवर येऊन आता या एका रकान्यावरून सगळं परत फिरतंय की काय, अशी त्याला धास्ती होती. खोटं काही टाका असं त्याच्या तोंडून गेलं नसतं. तो तसला माणूसच नाही.

"पेन इकडे दे," बार्बा म्हणाले.

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. चष्मा पुसला. एव्हान्थियाबाईंनी पान दाबून धरलं.

"माझा धाकटा भाऊ, फोटिस," ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे, कारण बघत होते पानाकडे. "सतरा वर्षांचा. आमच्यात खरा खेळायचा तोच. आम्ही दोघांनी तिकीट काढलं होतं. बंदरावर डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो बघितला आणि त्याला बाजूला उभं केलं. फोटिस म्हणाला, पुढच्या जहाजानं येतो. मी हात हलवला, त्यानं हात हलवला. चौदा दिवस त्याची बर्थ माझ्या वर रिकामी होती. दुसऱ्या कुणाला मी चढू दिलं नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला."

हे क्लबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. प्रल्हादलाही नव्हतं, आणि इतिहास तर त्यानेच लिहिला होता.

"तर ती जागा होती," बार्बा म्हणाले. "तिकीट काढलेलं होतं." आणि चौथ्या रकान्यात त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, आगिया मरीना.

सुहासिनी पदर नसतानाही पदराने डोळे पुसल्यासारखं करत होती.

नाव चढलं की सगळ्यात जुन्या सभासदाने नव्याला एक प्रश्न विचारायचा, अशी क्लबची रीत. पोरं त्याला हसण्यावारी ‘छान झाला’ म्हणून मोकळी होतात, कारण ती जन्मलेली इथलीच, ट्रेंटनच्या हॉस्पिटलात. बार्बांनी पेन खाली ठेवलं आणि मान वर केली.

"प्रवास कसा झाला?"

सव्वीस वर्षांत प्रल्हादला हे कुणी विचारलं नव्हतं. व्हिसा विचारला होता, पगार विचारला होता, घर केवढ्याला घेतलं ते विचारलं होतं. मुंबईच्या विमानतळावर काचेपलीकडे पांढरी टोपी घालून उभे असलेले वडील त्याला दिसले. आत काही दिसत नव्हतं तरी त्यांनी हात हलवायचा थांबवला नव्हता. चार वर्षांनी ते गेले, तेव्हा प्रल्हाद पोचला तो तिसऱ्या दिवशी. हे त्याने सुहासिनीशीसुद्धा कधी धड बोललेलं नव्हतं.

"लांबचा होता," तो म्हणाला.

"हो," बार्बा म्हणाले. "लांबचाच असतो."

आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी रजिस्टर तसंच उघडं ठेवलं.